मागच्या खोलीचं भाडं

जूनच्या रकान्यापाशी आल्यावर एडना रिमरने निळं पेन खाली ठेवलं आणि काळं उचललं.

"ते चालत होतं की," समोर बसलेला नेव्हिल म्हणाला.

"सात महिने एकाच पेनाने सही करणारी बाई पाहिलीयस कुठे? पेनं सुकतात, हरवतात, शेजारीण मागून नेते ती परत देत नाही. जरा डोकं चालव."

तिने जूनच्या चार सह्या केल्या, जुलैच्या केल्या, मग चहाचा कप उचलून मुद्दामच पानावर टेकवला. तपकिरी गोल उमटला.

"हा घे ऑगस्ट," ती म्हणाली.

नेव्हिल हसला नाही. रविवारची दुपार होती. डोळ्यांसमोर घडणाऱ्या गोष्टीकडे पाहवत नसल्यासारखा तो खिडकीबाहेर बघत होता. बाहेर शेजारच्या परसातल्या चादरी वाऱ्याने फटाफट आपटत होत्या. इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या फ्लीटवुडला समुद्रावरून वारा येतो तो असाच, कुणाचं काही वाळू न देता नुसता ओढाताण करणारा.

भाड्याची ती वही पातळ, लाल पुठ्ठ्याची होती. तारीख, रक्कम, घेणाऱ्याची सही. आठवड्याला बारा पौंड. मार्चपासून नेव्हिल विग्नलने त्यातली एक पेनीही दिली नव्हती. मासेमारीच्या बोटी बंद पडल्या तेव्हा तो मासळीची गाडी चालवू लागला, आणि मग गाडीवालाही बुडाला. गोदीवर मिळेल त्या कामाचे जे पैसे येत ते आईकडे राहणाऱ्या मुलीच्या पोटगीला जात. एडनाने त्याला भाडं एकदाच मागितलं होतं. त्याचा चेहरा पाहून पुन्हा मागितलं नाही. उलट त्या वसंतात ती सरकारी कचेरीत गेली आणि जे होतं ते सांगून आली, की भाडेकरू आहे पण भाडं येत नाही. कचेरीने तिच्या तुटपुंज्या पेन्शनीवरची पुरवणी, जी भाड्यापायी कापली होती, ती पुन्हा चालू केली. तसं लिहून तिने तिथे सही केली.

आणि आता मंगळवारी कोर्टाची बाई घर बघायला येणार होती. मुलीला शनिवार-रविवार बापाकडे राहू द्यायचं का, हे ती ठरवणार होती. तिने नेव्हिलला सांगून ठेवलं होतं: भाड्याची वही दाखवा. ज्याचं भाडं वेळेवर जातं त्याचा पाय घरात टिकतो, असं कोर्ट मानतं.

"मिसेस रिमर, मी हे सगळे फेडीन," नेव्हिल म्हणाला.

"फेडशील. सप्टेंबरला कुठलं पेन घेऊ?"

एका गावात दोन कचेऱ्या असतात आणि एकीतला कागद दुसरीत जाऊ शकतो, हे तिच्या मनातही आलं नाही.

कोर्टाच्या बाईने मागची खोली पाहिली. एडनाच्या नवऱ्याचे, हॅरल्डचे, तेलकट रेनकोट आणि बूट तिथून काढून एडनाने मुलीसाठी पलंग टाकला होता. हॅरल्ड चाळीस वर्षं बर्फाळ समुद्रात मासे धरत होता. समुद्राने नेलं नाही, ते शेवटी याच घरात छातीच्या दुखण्याने नेलं. पोरबाळ त्यांना झालं नाही. बाईने गादी दाबून पाहिली, खिडकीची कडी लावून पाहिली, मग खाली येऊन वही चाळली.

"वेळेवर देतात वाटतं."

"शुक्रवारी त्याची पावलं वाजली की मी घड्याळ लावते," एडना म्हणाली.

खोटं इतकं सहज निघालं की तिचं तिलाच नवल वाटलं.

मग जॅनीन येऊ लागली. नऊ वर्षांची, काटकुळी, पुढचा दात अर्धा आलेला. शुक्रवारी संध्याकाळी ट्रामने बापाबरोबर यायची, दारातूनच बोलायला सुरुवात करायची, ती रविवारी जाईपर्यंत.

"एडनामावशी, तुमचा टीव्ही एवढा लहान का?"

"त्यात येणारी माणसंच खुजी आहेत. मोठा घेऊन काय करू?"

"आमच्याकडे रॉनकाकांनी रंगीत आणलाय."

"हो का? मग त्यात माणसं बरी दिसतात?"

जॅनीनने विचार केला. "नाही," ती म्हणाली. "नाकं लाल दिसतात."

नेव्हिल त्या हिवाळ्यात शीळ घालायला लागला. नोव्हेंबरपासून जमेल तसं, कधी चार कधी सहा पौंड तो देऊही लागला होता, आणि एडना ते कचेरीत कळवतही होती. ती बाई मुळात खोटी नव्हतीच. शनिवारी दुपारी तो गोदीवर असे तेव्हा ती जॅनीनला जाळं विणायला शिकवी. लग्नाआधी पंधरा वर्षं तिने तेच काम केलं होतं. खुर्चीच्या पाठीला दोरा बांधायचा, लाकडी सुई आतून काढायची, अंगठ्याने गाठ दाबायची. जॅनीनच्या जाळ्याची घरं वेडीवाकडी होत. "यातून देवमासासुद्धा निसटेल," एडना म्हणे, आणि उसवून पुन्हा घालायला लावी. रविवारी ती गेली की घर इतकं गप्प होई की एडना उगीचच कपाटांची दारं उघडमीट करत बसे.

फेब्रुवारीत एके सकाळी पुरवणी देणाऱ्या कचेरीतला मिस्टर ग्रिमशॉ आला. तिशीचा, सभ्य माणूस. पायपुसण्यावर बूट नीट पुसून आत आला, टोपी गुडघ्यावर ठेवून बसला. मग त्याने टेबलावर दोन कागद शेजारीशेजारी मांडले. एक तिने वसंतात लिहून दिलेला. दुसरा त्या लाल वहीच्या पानांची नक्कल. चहाचा गोलसुद्धा त्यात काळा होऊन उमटला होता.

"दोन्ही सह्या तुमच्याच ना, मिसेस रिमर?"

"माझ्याच."

"यात भाडं मिळालं म्हणता. यात मिळालं नाही म्हणता. महिने तेच."

जॅनीनच्या आईला, मॉरीनला, रॉनशी लग्न करून नॉटिंगहॅमला जायचं होतं आणि मुलीला घेऊन जायचं होतं. त्यासाठी ती पुन्हा कोर्टात गेली होती. तिच्या वकिलाने गावात चौकशी केली. एडनानेच केव्हातरी पावाच्या दुकानाच्या रांगेत म्हटलं होतं, आमच्या भाडेकरूने मार्चमधल्या पॅनकेकच्या सणापासून दमडी दिलेली नाही. ते कुणाच्यातरी लक्षात राहिलं होतं. वकिलाने वहीची नक्कल जोडून कचेरीला पत्र टाकलं.

"आज उत्तर देऊ नका," मिस्टर ग्रिमशॉ म्हणाला. "गुरुवारी कचेरीत या. भाडं मिळालं असेल तर आम्हांला ते वसूल करावं लागेल, आणि प्रकरण वरही जाऊ शकतं. मिळालं नसेल तर आमचं तुमच्याकडे काही नाही. मात्र कोर्टाला कळवावं लागेल."

"वर म्हणजे कुठे?"

त्याने टोपीची कड बोटांनी सरळ केली. "तुमच्यावर खटला होऊ शकतो," तो म्हणाला.

नेव्हिल आला तेव्हा तिने त्याला सगळं सांगितलं. तो अंडी तळत होता. त्याने गॅस बंद केला आणि पाठमोराच उभा राहिला.

"मिळाले म्हणून सांगा," तो म्हणाला. मग लगेच, "नको. तसं नका सांगू." आणि मग, "घर तुमचं आहे, मिसेस रिमर. मी कोण सांगणार?"

"मिळाले म्हणूनच सांगणार मी. कापून कापून किती कापतील? दोन पौंड आठवड्याला? मटण कमी खाईन. दातही राहिले नाहीत तसे."

"आणि खटला झाला तर?"

"सत्तरीला टेकलेल्या बाईला तुरुंगात घालून त्यांना काय मिळणार? मला मात्र कोळसा फुकट मिळेल."

आता तो हसला. वळून टेबलाशी बसला, आणि त्याने हात पुढे केला, तिच्या हाताजवळ आणून थांबवला.

"अंडी थंड झाली," ती म्हणाली. "खा आधी."

गुरुवारी ती चांगला कोट घालून गेली. ट्राममध्ये तिने वाक्य दोनदा मनात म्हणून पाहिलं: भाडं मला मिळालं, तुम्हांला सांगितलं ते खोटं होतं. छोटं वाक्य. मासळीच्या व्यापाऱ्यांशी तिने उभा जन्म भांडण केलं होतं, नवऱ्याच्या हिश्शासाठी बोटमालकाच्या दारात बसली होती. माणसांना ती भीत नव्हती.

कचेरीत तिला आतल्या खोलीत नेलं. मिस्टर ग्रिमशॉबरोबर एक वयस्कर बाई होती. तिने एका कागदावरून काहीतरी वाचून दाखवलं, त्यात दंड होता, शिक्षा होती. एडना सरळ बसून होती. त्या बाईने वाचत राहायला हवं होतं. पण तेवढ्यात मिस्टर ग्रिमशॉ उठला, त्याने स्वतः चहा आणला, तिच्यापुढे ठेवला, आणि कपाचा कान तिच्या हाताकडे वळवून दिला.

"मिसेस रिमर, माझी आई तुमच्याच वयाची आहे," तो हळूच म्हणाला. "त्या माणसाने तुमच्यावर दडपण आणलं का?"

तो ओरडला असता तर ती ओरडली असती. हॅरल्ड गेल्यापासून तिच्याशी या आवाजात कुणी बोललं नव्हतं. तिने कपाच्या कानात बोट घातलं. आणि मग तिला स्वतःचाच आवाज ऐकू आला, कुठल्यातरी दुसऱ्याच म्हातारीचा असावा तसा.

"त्याने काही दिलं नव्हतं. त्या सह्या मी नंतर केल्या."

बाई लिहू लागली. एडनाने तिच्या हाताकडे पाहिलं.

"तो माणूस चांगला आहे," ती घाईघाईने म्हणाली. "दडपण वगैरे काही नव्हतं. मीच केलं. मुलीवर जीव आहे त्याचा. हेही लिहा."

बाईने कागद वरून खाली पाहिला. "त्यासाठी यात जागा नाही," ती म्हणाली. तिच्या बोलण्यात वाईटपणा काही नव्हता.

ट्राम समोरून गेली तरी ती चढली नाही. समुद्राच्या कडेकडेने चालत घरी आली. नेव्हिल दारातच उभा होता.

"काय म्हणालात?"

तिने टोपी काढली. टोपीची पिन केसांत अडकली होती, ती सोडवायला वेळ लागला.

"अजून चौकशी चालू आहे म्हणाले," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जॅनीन आली. तिचा तो पुढचा दात आता पुरा आला होता. शनिवारी तिने सलग तीन ओळी नीट विणल्या आणि चौथीत दोरा गुंतवला. एडनाने तो सोडवून दिला नाही, नुसती बघत राहिली.

"'उसव' म्हणा ना," जॅनीन म्हणाली.

"असू दे. बरं दिसतंय."

"काय बरं दिसतंय! यातून देवमासा जाईल." आणि स्वतःच उसवायला बसली.

रात्रीच्या जेवणाला एडनाने ताजा हॅडक मासा आणला, नुसता लोण्यात परतला, सोबत बटाटे, शेवटी कस्टर्ड. नेव्हिल म्हणाला, आज काय राणीसाहेब येणार आहेत का? एडना ताटं उचलायला उठली. रविवारी दुपारी जॅनीनने कोटाची बटणं लावता लावता विचारलं, "मावशी, पुढच्या वेळी दुहेरी गाठ शिकवाल?"

"शिकवीन," एडना म्हणाली. ती दोघं ट्रामच्या थांब्याकडे वळेपर्यंत ती दारात उभी राहिली, आणि वळल्यावरही राहिली.

पत्र बुधवारी आलं. नेव्हिलने ते जिन्याच्या पायथ्याशी उभ्यानेच वाचलं. खोटी वही दाखवणाऱ्या माणसाच्या शब्दावर कोर्ट भरवसा ठेवू शकत नव्हतं. मुलीचं तिथे राहणं बंद. आईला नॉटिंगहॅमला जायची मुभा. बापाने महिन्यातून एक दुपार तिथल्या केंद्रात, देखरेखीखाली, भेटावं.

"गुरुवारीच सांगितलंत तुम्ही," तो म्हणाला.

"हो."

"आणि शनिवारी ती इथे होती."

"हो."

त्याने पत्र होतं त्याच घड्यांवर दुमडलं. एडना वाट पाहत होती. तो ओरडेल, दार आपटेल, काहीतरी फेकेल. हॅरल्डने एकदा अख्खी किटली भिंतीवर मारली होती, आणि मग दोघांनी मिळून भिंत पुसली होती.

"तुम्ही खरं तेच सांगितलंत," नेव्हिल म्हणाला, आणि वर गेला.

तिला वाटलं, तो बॅग भरील. त्याने भरली नाही. जाणार तरी कुठे होता? वसंतात त्याला बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्यात काम लागलं, आणि पहिल्याच शुक्रवारी त्याने टेबलावर पंधरा पौंड ठेवले. बारा भाड्याचे, तीन मागच्या बाकीचे. शेजारी वही, पान उघडून. तेव्हापासून एकही शुक्रवार चुकला नाही. तो पैसे ठेवी, ती सही करी, तो "आभारी आहे, मिसेस रिमर" म्हणे आणि वर जाई. जेवण बाहेरून आणी, बटाट्याचे काप आणि मासा, कागदातच, आणि खोलीत बसून खाई. घरात पाऊल वाजवायचा नाही. इतका चांगला भाडेकरू त्या गल्लीत कुणाला मिळाला नसेल.

नॉटिंगहॅमला तो महिन्यातून एकदा बसने जाई. पहिल्या वेळी जाऊन आला. दुसऱ्या वेळी जाऊन आला. तिसऱ्या वेळी मुलीच्या मैत्रिणीचा वाढदिवस होता, चौथ्या वेळी तिला ताप होता. पुढे एडनाने विचारणं सोडून दिलं, कारण विचारलं की तो उत्तर देई, नीट, अदबीने.

भाडं येऊ लागलं तशी कचेरीने पुरवणी पुन्हा कापली. कोळसा महागला. पुढच्या हिवाळ्याच्या तोंडावर एडनाने एक कार्ड लिहून पेपरवाल्याच्या दुकानाच्या काचेत लावलं: मागची छोटी खोली, शांत बाईमाणसासाठी. नेव्हिलला तिने सांगितलं नाही. रोजच सांगायचं ठरवत होती.

त्या शुक्रवारी त्याने नेहमीचे पंधरा पौंड ठेवले. मग खिशातून आणखी पाच काढून, जरा अंतर सोडून, वेगळे ठेवले.

"हे कसले?"

"मागच्या खोलीचे."

एडनाने खुर्ची मागे ओढली आणि बसली.

"कार्ड पाहिलं मी," तो म्हणाला. "कुणी आलं होतं?"

"एक नर्स येणार आहे. सोमवारी."

"तिला नाही म्हणा."

"नेव्हिल..."

"सोळाची झाली की तिचं ती ठरवते, कुठे राहायचं ते. वकील म्हणाला." तो उभाच होता. बर्फाच्या कामाने त्याची बोटं लाल, फुटलेली होती. "तोवर खोली दुसऱ्या कुणाला देऊ नका."

अजून दहाचीच होती ती पोर. तोवर आपण असू का, हे एडनाने मनातसुद्धा मोजलं नाही.

"रिकाम्या खोलीचे पैसे मी कसे घेऊ?" ती म्हणाली. "राहू दे तशीच. नाही देत मी कुणाला. पैसे उचल ते."

"घ्यायला हवेत तुम्ही. मी फुकट राहिलो, त्यातूनच सगळं झालं." त्याने बगलेतून एक नवी लाल वही काढली आणि नोटांशेजारी ठेवली. "हिची वेगळी वही करा. आणि कचेरीतही सांगा."

कचेरीत विचारतील, त्या खोलीत कोण राहतं. काय सांगायचं ते तिला सुचलं नाही. तिने चष्मा लावला, वही उघडली. पहिल्या पानावर वर छापलेलं होतं: भाडेकरूचं नाव.

"तुझं घालू?"

"तिचं घाला."

एडनाने सावकाश 'जॅनीन' लिहिलं. पुढे 'विग्नल' लिहायला तिने पेन टेकवलं.

"तेवढंच राहू दे," नेव्हिल म्हणाला. "आडनाव बदललंय म्हणे. उन्हाळ्यात."

तिने पेन उचललं. टेकलं होतं तिथे एक ठिपका उमटला होता. खाली तारीख घातली, पाच पौंड मिळाले असं लिहिलं, आणि सही केली. शाई वाळेपर्यंत तो उभा राहिला. मग "आभारी आहे, मिसेस रिमर" म्हणाला आणि दोन्ही वह्या घेऊन वर गेला.